नंबर घासून गेलेल्या इंजिनाची व्यवस्था

मी, मेहबूब खान वल्द उस्मान खान, वय एकाहत्तर, धंदा इंजिन मिस्त्री, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणी लिहायला सांगितले नाही, कोणी धाक घातला नाही. आमच्यात याला वसीयत म्हणतात. मी मराठीत लिहितो, कारण शाळा मराठीत झाली आणि कचेरीतला बाबूही मराठीच वाचतो.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हातपाय चालतात. चष्मा लावला की प्लगची फट अजून नजरेने मोजतो. कानाने मात्र कमी ऐकू येते. उभा जन्म इंजिनांजवळ काढला, त्याचे ते भाडे. उद्या कोणी म्हातारा भ्रमिष्ट होता असे म्हणून हा कागद फाडू नये, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मागच्या शेडमधले इंजिन बंद असते तेव्हाही मला ते ऐकू येते. बिलाल ताटावर बसून काय बोलला ते ऐकू येत नाही, पण हे येते. कानाच्या डॉक्टरांनी तपासून हा नसेचा दोष आहे, डोक्याचा नाही, असे सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. दोष कशाचा आहे ते मला ठाऊक आहे, पण डॉक्टरांना ते सांगून काय करणार?

कलम १. माझी पत्नी जहांआरा अल्लाच्या घरी गेली. मागे मुलगा बिलाल आणि मुलगी समीना, एवढेच वारस. दोघेही सज्ञान आहेत, दोघांचेही तोंड चालते. समीना शाळेत शिकवते, म्हणून या कागदातल्या चुका तिनेच काढल्या आहेत. माझे म्हणणे मात्र तिला बदलू दिलेले नाही.

कलम २. महामार्गाला लागून दोन खोल्यांचे घर, पुढे दुकान, मागे पत्र्याची शेड. चतुःसीमा: पूर्वेस हिंमतराव, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस निवृत्तीचे चहाचे हॉटेल, उत्तरेस नाला. तो नाला नगरपालिकेच्या नकाशात नाही, पण पावसाळ्यात आमच्या घरात असतो. घराचे आणि बँकेतल्या शिलकीचे वाटे शरियतप्रमाणे व्हावेत. आमच्यात मरणाऱ्याला मन मानेल तसे एक तृतीयांशच देता येते, तेही वारसांखेरीज दुसऱ्याला. बाकीचे आधीच ठरलेले असते. तरुणपणी मला हा नियम जाचक वाटे. आता बरा वाटतो, भांडायला जागा कमी राहते.

कलम ३. हत्यारे. वारसाला वेगळे काही द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते. समीनाने ती दिली आहे, म्हणून सगळे पाने, ग्राइंडर, वेल्डिंगचा संच, टॉर्क पाना आणि व्हाइस बिलालला. टॉर्क पाना हातोडी म्हणून वापरू नये. मी मेलो तरी मला कळेल.

छोटी पितळी हातोडी, जिच्या टिचकीने मी लोखंडाची जाडी ऐकत असे, ती माझ्यासोबत पुरू नका, तसे चालत नाही. समीनाला द्या. तिला तिचा काही उपयोग नाही, पण लहानपणी ती घेऊन पळायची आणि मार खायची. आता घेऊन जा म्हणावे.

कलम ४. शेजारी हिंमतराव यांच्याकडे माझी जड इंजिने उचलायची चेन कुप्पी आहे. ती आपलीच आहे असे ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी त्यांना ती बक्षीस देतो, म्हणजे आता तरी ती माझी होती हे त्यांना कबूल करावे लागेल. बक्षीस नको असेल तर परत करावी.

कलम ५. शेडमधले इंजिन. चार सिलिंडर, पेट्रोल, जुन्या जीपचे. मिळकतीच्या वर्णनात इंजिन नंबर लिहायची रीत आहे. या इंजिनाला नंबर नाही, तो मीच घासून काढला, आणि चोरीच्या भानगडीत नव्हे. ओळख अशी: डाव्या अंगाला ब्लॉक कापलेला आहे, कापल्या जागी पितळ भरलेले आहे, आणि त्या जागेला लागून चार नळ्यांचा हेडर खाली गेला आहे. असे दुसरे इंजिन या जिल्ह्यात सापडणार नाही.

हे इंजिन सोनाळ्याच्या गणेशचे. गणेश हा उकंडराव आणि शालूबाई यांचा मुलगा. उकंडराव आणि मी तरणे होतो तेव्हा ते विहिरीवरचे ऑइल इंजिन बैलगाडीत घालून आणायचे. वाटेत कितीतरी मिस्त्री लागत, त्यांना सोडून माझ्याकडेच यायचे. म्हणायचे, “दुसरे खोलते, तू ऐकते.” माझ्या कामाची एवढी तारीफ दुसऱ्या कोणी केली नाही.

गणेशला बैल पळवायचे वेड होते. शंकरपट बंद पडले तेव्हा त्याने जोडी विकली आणि जीप घेतली. बीटी बियाणे आल्यापासून सगळा शिवार पऱ्हाटीने, म्हणजे कपाशीने, भरला होता आणि वेचायला, फवारायला माणसे कमी पडत होती. मजुरांना गावोगाव नेण्याचा त्याचा धंदा बरा चालला. पण पटाचा धुरळा खाल्लेल्या माणसाला मजूर वाहण्यात काय सुख? एक दिवस इंदूरहून तो हा हेडर घेऊन आला. मूळ ओतीव मॅनिफोल्डच्या जागी हा बसवायचा असतो. चार सिलिंडरच्या चार वेगळ्या नळ्या खाली एकीत मिळतात, धूर मोकळा निघतो, इंजिन हलके होते आणि गर्जते.

“चाचा, हे बसवून द्या.”

“हे तुझ्या इंजिनाचं नोहे, गणेश.”

“मंग इंजिन त्याचं करून टाका ना.”

तिसरी नळी ब्लॉकला अडत होती. ब्लॉकच्या अंगावर ओतीव लोखंडाचा एक कान होता. दुसऱ्या बनावटीच्या गाडीत इंजिनाचा पाया तिथे लागतो, जीपला त्याचे काम नाही. पण कंपनीने नंबर नेमका त्याच कानावर ठोकला होता. मी म्हणालो, नळी चेपून घेऊ. तो म्हणाला, “नळी चेपली का आवाज चेपते.” ते बरोबर होते. मग मी सांगितले की नंबर जाईल, पुढे गाडी विकताना आरटीओत त्रास होईल.

“कोण इकून राह्यलं, चाचा? मरेलोक मीच चालवतो.”

मी कान कापला. तरीही नळी अडली, म्हणून मागची भिंत घासावी लागली, आणि त्या भिंतीमागे पाणी असते. थोडे घासायचे, ग्राइंडर थांबवायचा, हातोडीने टिचकी द्यायची, कान लावायचा. जाड लोखंड बंद बोलते, पातळ होते तसे उघडे बोलते. जिथे ते जरा जास्त उघडे बोलले तिथे थांबलो, पितळ भरले, हेडर बसवला. नळी आणि ब्लॉक यांच्यामध्ये बिडीचे पान सरकेल एवढी फट राहिली. इंजिन तापले की त्या जागी पाण्याचा एक थेंब येतो, तो अजूनही येतो. पण काम चांगले झाले. मी आजही त्याला चांगलेच काम म्हणतो, आणि कोणाची माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही.

आवाज असा निघाला की पलीकडच्या जिनिंगमधले हमाल बाहेर येऊन उभे राहिले. पुढे सोनाळ्यात दुरूनच कळायचे, गणेश आला. म्हातारे शिव्या घालत, लेकरे धावत. उभ्या गाडीवर ॲक्सिलरेटर दाबून उगाच वाजवत बसायची त्याला खोड होती. उकंडराव आणि तो यांच्यात त्यावरून रोजची कटकट चाले.

सन २०१७च्या पावसाळ्यात बोंडअळी बीटीला ऐकेना झाली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, वारा पडला होता, आणि लोक दोन-दोन औषधे एकात मिसळून मारत होते. गणेशला एक दिवस आपल्याच शेतासाठी मजूर मिळाला नाही. पंप पाठीवर घेऊन तो स्वतः आत शिरला. औषध अंगात गेले, डोळ्यांपुढे दिसेनासे झाले. कसाबसा बांधावरच्या जीपपर्यंत आला आणि त्याने गाडी सुरू केली. चालवायची ताकद नव्हती. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून तो वाजवत राहिला. आवाज देता येईना म्हणून गाडीने बोलावत राहिला.

शेत ओढ्यापलीकडे. सगळ्या गावाने ऐकले. उकंडराव ओट्यावर बसले होते. कोणीतरी म्हणाले, “काऊन एवढा वाजवून राह्यला, पाहून या बरं.” उकंडराव म्हणाले, “वाजवू द्या. मस्ती आली त्याले.” थोड्या वेळाने वाजवणे थांबले, नुसते हळू चालू राहिले. लोकांना बरे वाटले. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू होते, आणि संपल्यावर कोणीतरी तिकडे गेले.

हे उकंडरावांनी मला एकदाच सांगितले, जीप घेऊन आले तेव्हा, उभ्या-उभ्या. सांगून झाल्यावर माझा घण उचलला आणि इंजिन फोडायला निघाले. मी त्यांचा हात धरला. दोन म्हातारे घणासाठी झोंबत होतो आणि दोघेही रडत होतो. जीप पुढे विकली. घेणाऱ्याला बिननंबरी इंजिन नको होते, त्याने दुसरे घातले. हे माझ्याकडे राहिले. तेव्हापासून उकंडरावांनी या शेडमध्ये पाय ठेवलेला नाही.

शालूबाई त्या दिवशी दर्शनासाठी शेगावला गेल्या होत्या. गावात त्या एकट्यांनी ऐकले नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिंदू घरांत गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. गणेशच्या पहिल्या आखाजीला शालूबाई घागर घेऊन एसटीने इथे आल्या. मला न विचारता सरळ शेडमध्ये गेल्या. ते पाणी त्यांनी रेडिएटरमध्ये ओतले आणि म्हणाल्या, “भाऊ, सुरू करा.” मी इंजिन लोखंडी घोडीवर बसवून ठेवले होते. बॅटरी जोडली, सुरू केले.

“असं नाही, भाऊ. त्या दिशी वाजलं तसं.”

“वैनी, म्या नाही ऐकलं ते. मी इथं होतो.”

“साऱ्या गावानं ऐकलं. माह्या पोराचा शेवटचा बोल हाये थो. मलेच ठाव नाही.”

मी हाताने वाजवून पाहिले. त्यांनी मान हलवली. न ऐकताच त्यांना कळले की हे ते नव्हे. पितळावर थेंब आला होता, तो पदराने पुसला आणि एसटी पकडायला निघून गेल्या. तेव्हापासून दर आखाजीला हेच चालते. त्यांनी गावात विचारले तर कोणी विसरलो म्हणतो, कोणी मी तेव्हा घरात नव्हतो म्हणतो. नवऱ्याला विचारले की ते जेवणाचे ताट सोडून उठतात.

बंद इंजिन मला ऐकू येते ते हेच. मी जे कधी ऐकले नाही ते माझे मन रोज नव्याने बनवते. कधी तुटक, कधी लांब. नमाजाआधी वुजू करताना, नाला वाहत असताना, दाढी करताना. शेवटपर्यंत मात्र एकदाही जात नाही. मला त्याची भीती वाटते हे लिहायला लाज कसली? त्या आवाजात कोणीतरी बोलावत आहे, आणि ज्या इंजिनाने तो बोलावतो ते माझ्या हातचे आहे.

बिलाल म्हणतो, भंगारात देऊन टाकू, जागा मोकळी होईल. त्याचे चूक नाही, त्याला पोटाचे पाहायचे आहे. म्हणून हे बांधून ठेवतो: सदर इंजिन हेडरसकट माझ्या एक तृतीयांशातून शालूबाई यांना द्यावे. ते नेणे त्यांना होणार नाही, म्हणून शेडमध्येच राहू द्यावे, आणि दर आखाजीला त्या येतील तेव्हा बिलालने ते सुरू करून द्यावे. त्यांना जसे ऐकायचे आहे तसे ऐकवणे माझ्याच्याने झाले नाही. ज्यांना ते येते त्यांना मी या कागदावर साक्षीदार म्हणून बोलावले आहे. येतील की नाही, सांगता येत नाही.

कलम ६. माझे दफन साधे करावे. जनाजा महामार्गावरून नेऊ नये, ट्रकवाले हॉर्न वाजवतात.

पुरवणी, त्याच तारखेची. वरचे कलम ५ खाली लिहिल्याप्रमाणे बदलले आहे. कारण नोंदवून ठेवतो.

गेल्या वर्षीसारखी यंदाही ईद आणि आखाजी एकाच दिवशी आली. माझ्या घरी ईदची गर्दी राहील म्हणून शालूबाई दोन दिवस थांबून आज आल्या. मी म्हणालो, आखाजी तर होऊन गेली. त्या म्हणाल्या, “दोन दिसानं काय होते? गणेशले कधी येळेवर जेवाची सवय होती?” मागे उकंडराव होते. काठी घेऊन आले, दुकानातच बसले, शेडकडे पाठ करून.

साक्षीदारांसमोर समीनाने हा कागद मोठ्याने वाचला. कलम ५च्या मध्यावर निवृत्तीने तिला पाणी दिले. वाचून झाल्यावर शालूबाई म्हणाल्या, “मले देऊन काय करता, भाऊ? सुरू केलं का नुसतं गुरगुरते. बिलाल काय, तुमी काय, कोणाले येत नाही थे.” हे त्या माझ्याशी बोलल्या, पण पाहत होत्या नवऱ्याच्या पाठीकडे.

मग उकंडराव उठले.

ते शेडमध्ये गेले. शालूबाईंनी घागरीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले. बिलालने बॅटरी जोडून इंजिन सुरू केले. उकंडरावांनी काठी भिंतीला टेकवली आणि ॲक्सिलरेटर जिला ओढतो त्या कार्बोरेटरच्या दांडीवर हात ठेवला. त्यांनी आमच्या कोणाकडे पाहिले नाही.

आधी त्यांनी दांडी पूर्ण दाबली आणि धरून ठेवली. मग सोडली. मग तुटक-तुटक, घाईने, एकामागून एक. मग पुन्हा लांब, इतके लांब की पत्रे हलू लागले आणि हिंमतराव भिंतीवरून डोकावले. मग थोडे थांबून परत. मधे जागा पडत होत्या, त्या जागाही त्यांना पाठ होत्या. पुढे-पुढे दाबणे अर्धेच होऊ लागले, दांडी पोहोचेना, सुटू लागली. मला वाटले म्हाताऱ्याचा हात थकला. तसे नव्हते. ते तसेच होते.

शालूबाई म्हणाल्या, “एवढा वेळ?”

उकंडराव दाबत राहिले.

“एवढा वेळ वाजवून राह्यला व्हता का हो तो? आन् तुमी बसून ऐकत व्हते?”

“आजून झालं नाही,” उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा दांडी दाबली.

माझ्या कानात इतकी वर्षे जे वाजत होते ते फार थोडे होते. मला वाटले होते, एखादा माणूस ओट्यावरून उठेपर्यंत जेवढे होईल तेवढे असेल. ते तसे नव्हते. गावात जेवढे लोक होते ते सगळे एकेक करून उठून जाऊन परत आले असते, एवढे होते. आम्ही सगळे शेडच्या दारात उभे होतो आणि कोणालाही आत जाऊन त्यांचा हात धरता येईना.

शेवटी त्यांनी हात काढला. इंजिन हळू चालत राहिले. ते म्हणाले, “मंग असं.” शालूबाईंनी ते चालू दिले. बिलाल बंद करायला गेला तर त्यांनी त्याला थांबवले. डबीतले पेट्रोल संपले तेव्हा ते आपोआप बंद पडले, आणि त्या घागर उपडी ठेवून भिंतीला टेकून बसल्या.

मग नवऱ्याकडे हात करून मला म्हणाल्या, “भाऊ, माह्यं नाव काढा त्याच्यातून. यायच्या नावानं करा. यायलेच ठाव हाये थे, यायलेच ठेवू द्या.” रागाने म्हणाल्या की कसे, ते मला समजले नाही. मी उकंडरावांना विचारले, तुम्हाला कबूल आहे का? त्यांनी होकारार्थी मान हलवली.

सबब, सदर इंजिन हेडरसकट उकंडराव, राहणार सोनाळा, यांना दिले आहे. त्यांनी ते न्यावे, ठेवावे, फोडावे. माझ्या वारसांनी कारण विचारू नये आणि फोडायचे असल्यास घण द्यावा. आखाजीला सुरू करून देण्याची बिलालवरची जबाबदारी रद्द. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, एवढा कायदा मलाही कळतो. म्हणून साक्षीदारांतून उकंडराव यांचे नाव कमी करून निवृत्ती यांचे घातले आहे. खाडाखोड माझ्या समोर, माझ्या संमतीने झाली आहे.

हे लिहीत असताना दोघे नवरा-बायको शेडमध्येच बसले आहेत, इंजिनाच्या दोन बाजूंना. समीना चहा देऊन आली. तो तसाच निवतो आहे.

वरील मजकूर वाचून, ऐकून, समजून सही करतो.

मेहबूब खान उस्मान खान (सही)

साक्षीदार:
१. अर्जुनराव, सायकल दुकान, मलकापूर (सही)
२. ~~उकंडराव, शेती, सोनाळा~~ नाव कमी केले. मे. खा.
   निवृत्ती, चहाचे हॉटेल, मलकापूर (सही)

ठिकाण: मलकापूर, जिल्हा बुलढाणा
तारीख: २४ एप्रिल २०२३